लष्करी घडीचे चाकू : ओळख व कालनिश्चिती

सैनिकांना सरकारी साठ्यातून मिळणारे घडीचे चाकू आणि हत्यारांचे संच कोणत्या फौजेचे व कोणत्या सालचे, हे ठरवण्याचे तंत्र. नवशिका मूठ पाहतो, जाणकार पाते पूर्ण उघडून त्याचे बूड पाहतो. धार संपून पाते मुठीत शिरते त्या चिमूटभर जागेवर कारखान्याचे नाव आणि नशीब असेल तर सालही ठोकलेले असते. मूठ बदलता येते, फुटल्यावर बदललीही जाते. पाते बदलणे तितके सोपे नाही.

स्विस फौजेचा चाकू या बाबतीत सर्वांत बोलका. १८९० च्या नमुन्यात पाते, डबा उघडण्याचे पाते, टोच्या आणि स्क्रूड्रायव्हर होता. स्क्रूड्रायव्हर नव्या रायफलीचे भाग सोडवण्यासाठी. मूठ लाकडी. गंमत म्हणजे १८९१ मधली पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेन शहरात तयार झाली. पुढे स्विस चाकू-कारागीर कार्ल एल्सेनर यांच्या कारखान्याने १९०९ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ हे नाव घेतले आणि १९२१ मध्ये त्याला ‘इनॉक्स’ (न गंजणारे पोलाद) जोडले. त्यामुळे ‘व्हिक्टोरिनॉक्स’ असे ठोकलेला चाकू कोणी पहिल्या महायुद्धातला म्हणून दाखवला, तर तो हळूच परत द्यावा. १९५१ च्या नमुन्यापासून पाते न गंजणाऱ्या पोलादाचे आले. १९६१ च्या नमुन्याची खरबरीत ॲल्युमिनियमची मूठ सुरुवातीला लाल, नंतर रुपेरी झाली. पात्याच्या बुडाशी ‘६२’ असे दोन आकडे दिसले की ते साल.

ब्रिटिश चाकूची काळी, बारीक चौकड्या पाडलेली मूठ, दोरखंडाच्या गाठी सोडवणारा जाड, टोकदार सुळा आणि टोकाची कडी यांवरून तो लांबूनच ओळखू येतो. खरी खूण म्हणजे रुंद फाळाचा बाण. नुसता बाण सरकारी मालकी सांगतो. तो लष्कराबाहेरच्या सरकारी सामानावरही असे. बाण आणि त्याखाली रोमन ‘आय’ हे अक्षर असेल तर माल ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या खात्यातला, इंग्रजी ‘सी’ च्या पोटात बाण असेल तर कॅनडाचा. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा चाकू हाती आला तर आधी पॉलिश पेपर दूर ठेवावा. तेलाचे बोट फिरवून खिडकीशी तिरक्या उजेडात धरला, तर पुसट आकडेही उठून दिसतात. घासले की गेले.

अमेरिकेचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, पूर्ण पोलादी चाकू सोपा: मुठीवर ‘यू.एस.’, पात्याच्या बुडाशी कॅमिलससारख्या कारखान्याचे नाव व पूर्ण साल. संचांचे मात्र तसे नाही. सिग्नल कोअरचा, म्हणजे अमेरिकी फौजेच्या संदेशवहन शाखेचा, ‘टीई-३३’ संच म्हणजे ‘टीएल-२९’ चाकू, ‘टीएल-१३’ पक्कड आणि ‘सीएस-३४’ हे पट्ट्याला लावायचे पाकीट. चाकू एका कारखान्याचा, पक्कड दुसऱ्याची, असे जुळवलेले संच विक्रीला येतात. शिवाय ‘टीएल-२९’ हा नमुना वायरमनांसाठी खुल्या बाजारातही विकला जाई. म्हणून पाकिटावरच्या सालावरून चाकूचे वय सांगू नये. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तपासावी.

बनावट खुणाही असतात. पोलाद काळवंडलेले असून बाणाच्या खाचा आतून चकचकीत असतील, तर बाण नंतरचा.