विषाणू म्हणजे लहान जिवाणू नव्हे

'व्हायरस म्हणजे बारीक जंतूच, अँटिबायोटिकचा कोर्स केला की मरतो,' हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. ताप दोघांमुळे येतो आणि डोळ्यांना दोघंही दिसत नाहीत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण फरक आकाराचा नाही, घडणीचा आहे. पँडोराव्हायरस सुमारे १ मायक्रोमीटर लांब, म्हणजे मायकोप्लाझ्मासारख्या चिमुकल्या जिवाणूंहून मोठाच. तरी त्याच्याकडे प्रथिनं बनवणारा रायबोसोम नाही. तो कुठल्याच विषाणूकडे नसतो. प्रथिनांच्या कवचात डीएनए किंवा आरएनए, काहींवर मेदाचं आवरण, एवढाच संसार. बाकी सगळं यजमान पेशीकडून, म्हणजे ज्या पेशीत तो शिरतो तिच्याकडून, उसनं.

आता औषध पाहू. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. विषाणूला भिंतच नसते. ॲझिथ्रोमायसिन जिवाणूचा रायबोसोम अडवतं. विषाणू आपल्या पेशीतले रायबोसोम वापरतो आणि त्यांची रचना वेगळी असते. विषाणूंवरची औषधं आहेत, पण ती वेगळी.

पडताळायचं तर अँटिबायोटिकच्या पाकिटातला कागद उघडा: उपयोगाखाली 'जिवाणूजन्य संसर्ग' असंच लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेतही हेच दिसतं. अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) बशीत अनेक जिवाणूंचे ठिपके एका रात्रीत उमटतात. विषाणू मात्र जिवंत पेशी दिल्याशिवाय वाढतच नाही.