हळू पळणे आले कुठून?

रस्त्याने कुणी हळू पळत असले की ‘याला जमत नाही वाटतं’ असे बघणाऱ्यांना वाटते. पण ही पद्धत उभी केली ती ऑलिम्पिक विजेते घडवणाऱ्या माणसाने.

न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत. त्या काळी पळण्याचा सराव म्हणजे ट्रॅकवर छोटी अंतरे जीव खाऊन कापायची, थोडे थांबायचे आणि पुन्हा तेच. लिडियार्डनी अनेक वर्षे स्वतःवरच प्रयोग केले आणि वेगळा पाया घातला: आठवड्याला सुमारे 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, पण दम राखून. 800 मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही त्यांनी वाइटाकेरेच्या डोंगरातला 22 मैलांचा चढउतार पळायला लावला. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलने 800 आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचे सुवर्ण एकाच दिवशी जिंकले. या मुलांचा सरावाचा वेग आपल्याला हळू वाटणार नाही. पण तो त्यांच्या आवाक्याच्या आत होता, आणि खरी मेख तिथेच आहे.

लिडियार्डनी हेच तत्त्व हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मध्यमवयीनांना लावले. 1962 मध्ये ऑकलंड जॉगर्स क्लब सुरू झाला. हृदयरुग्णाने अंथरुणाला खिळून राहावे असे मानण्याचे ते दिवस, त्यामुळे हे मोठे धाडस होते. नियम मात्र साधा: शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या ओरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले. सत्तरी ओलांडलेला, हृदयविकारातून उठलेला एक गृहस्थ टेकडीवर त्यांना मागे टाकून गेला. परतल्यावर बॉवरमननी यूजीन गावात लोकांना जॉगिंगला बोलावले आणि डॉ. वॉल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन 1967 मध्ये जॉगिंगवर पुस्तक काढले. जॉगिंग अमेरिकाभर पसरायला त्याचा मोठा हात लागला.

तिकडे जर्मनीत वाल्डनीलचे डॉ. अर्न्स्ट फान आकेन ‘रोज पळा, हळू पळा’ असे सांगत होते. लांब अंतरे बायकांनाही झेपतात, हा त्यांचा आग्रह पुढे खरा ठरला.

सर्वांत हळू आणि सर्वांत नेमकी पद्धत मात्र जपानची. फुकुओका विद्यापीठाच्या हिरोआकी तनाका यांनी तिला ‘निको निको’, म्हणजे हसतमुख, वेग म्हटले. पळताना चेहऱ्यावर हसू टिकत नसेल तर वेग जास्त आहे. हृदयाच्या मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांसाठी त्यांचे सूत्र: 138 मधून वयाचा निम्मा आकडा वजा करा. चाळिशीच्या माणसाला 118. नवख्याचा वेग ताशी 4 ते 5 किलोमीटर, जवळपास चालण्याइतकाच. पावले मात्र मिनिटाला 180, इवलीइवली. 15 सेकंदांत 45 मोजा. चवड्यावर उतरायचे, पण पायाच्या बोटांनी जमीन मागे ढकलायची नाही, नाहीतर पोटऱ्या धरतात. सुरुवातीला एक मिनिट पळणे, अर्धा मिनिट चालणे.

बहुतेकांचे चुकते ते इथेच. हळू पळायचे म्हणून ते टांगा लांब ठेवतात आणि पावले सावकाश टाकतात. मग टाच शरीराच्या पुढे आदळते, धक्का गुडघ्याला आणि नडगीला बसतो. दुसरी चूक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली. तोवर दम वाढलेला असतो, पण स्नायुबंध आणि हाडे अजून तयार व्हायची असतात. त्यांना काही महिने लागतात. त्यामुळे छाती साथ देत असली तरी वेग वाढवू नये. तिसरी गोष्ट हवेची. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला हृदयाला जादा काम पडते आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. तिथे घड्याळातला वेग बाजूला ठेवून ठोके बघावेत, आणि ते वर गेले की सरळ चालावे.