नाडा तुटतो कुठे? अवकाशातल्या दोरांची पार्श्वभूमी

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. बारा मोटा म्हणजे बारा नाडे (मोट ओढणारे जाड दोर) आणि बारा सोंदूर (मोटेच्या सोंडेचे बारीक दोर). मोट हाकणाऱ्याला बैलांच्या ओढीपेक्षा धास्ती असते ती नाडा कुठे काचतोय याची. अवकाशातल्या दोरांची कहाणी वाचताना हा नाडा डोळ्यांपुढून हलत नाही.

सप्टेंबर १९६६. जेमिनी-११ या अमेरिकन यानातल्या रिचर्ड गॉर्डन या अंतराळवीराने यानाबाहेर येऊन, घोड्यावर मांड ठोकावी तसं यानाच्या नाकाडावर बसून, जोडलेल्या अजिना या मानवरहित यानाचा ३० मीटरचा डेक्रॉनचा (कृत्रिम धाग्याचा) दोर आपल्या यानाला बांधला. घामाने त्याचे डोळे चुरचुरत होते. मग दोन्ही यानं सुटी झाली, पण दोर काही केल्या ताठ होईना. पोरींच्या उड्यांच्या दोरीसारखा कमान धरून फिरत राहिला.

दोर मैलोगणती लांब केला की तो आपोआप ताठतो, कारण खालच्या टोकाला पृथ्वी जास्त ओढते आणि वरचं टोक बाहेर झेपावतं. त्यात तांब्याची तार घातली, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून धावताना वीजही तयार होते. या कल्पनेमागे ज्युसेप्पे कोलंबो आणि मारिओ ग्रॉसी हे दोघे इटालियन होते. १९९२ साली अटलांटिस या अमेरिकन अवकाशयानातून २० किलोमीटर दोर सोडायचा होता. सुटला २५६ मीटर! सुरक्षेसाठीच मागाहून बसवलेला एक बोल्ट रिळाच्या यंत्रणेत आडवा आला.

फेब्रुवारी १९९६मध्ये कोलंबिया यानातून दुसरा प्रयत्न झाला. अडीच मिलिमीटर जाडीचा दोर १९.७ किलोमीटर सुटला आणि तुटला. ताण त्याच्या ताकदीच्या मानाने किरकोळच होता. वेष्टनाला कुठेतरी बारीक इजा झालेली. तिथून साडेतीन हजार व्होल्टची ठिणगी उडाली आणि दोराला बळ देणारे केव्हलारचे मजबूत धागे जळून गेले. टोक करपलेलं सापडलं.

त्याआधी १९९४मध्ये सेड्स-२ या अवकाशातल्या दोराच्या प्रयोगातला पाऊण मिलिमीटरचा दोर चारेक दिवसांत कापला गेला होता. एखादा धूलिकण किंवा कचऱ्याचा कण पुरला. असा एका कणाने दोर तुटू नये, यासाठी रॉबर्ट हॉइट आणि रॉबर्ट फॉरवर्ड यांनी एकेरी दोराऐवजी जाळीदार दोर सुचवला: एक धागा तुटला तर भार शेजारच्यांनी उचलायचा. १९९६च्या टिप्स या प्रयोगातला चार किलोमीटरचा दोर मात्र आत सूत भरून फुगवलेला होता. तो दहाएक वर्षं टिकला.

जपानने तर मासेमारीची जाळी विणणाऱ्या कंपनीला हाताशी धरलं. २०१७मध्ये त्यांचा ७०० मीटरचा दोर मालवाहू यानातून सुटायचा होता. तो सुटलाच नाही.