महागडी खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक भरावा लागतो?

आरोग्य विम्याबद्दल निवृत्तांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरणारा एक सल्ला: ‘हॉस्पिटलात खुशाल चांगली खोली घ्या, फार तर भाड्यातला फरक खिशातून जाईल.’ ऐकायला पटतं, पण बऱ्याच पॉलिसींत तसं होत नाही.

समजा, विमा ५ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही १०,००० ची खोली घेतली, मुक्काम तीन दिवस. भाड्यातला फरक १५,००० झाला. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे दरही बहुतेक हॉस्पिटलांत खोलीच्या दर्जानुसार चढतात. म्हणून कंपनी त्यांनाही तेच प्रमाण (१०,००० पैकी ५,०००, म्हणजे निम्मं) लावते. हा खर्च १,२०,००० असेल, तर मिळणार ६०,०००. एकूण ७५,००० तुमच्या माथी! औषधं, तपासण्या, गुडघ्यात बसवलेला सांधा यांना मात्र ही कपात लागू नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलातही नाही.

पडताळायचं कसं? पॉलिसीसोबतच्या ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’मध्ये ‘रूम रेंट’ आणि ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ (म्हणजे हीच प्रमाणात होणारी कपात) शोधा. तिथंच ‘को-पे’ही, म्हणजे बिलातला तुम्ही स्वतः भरायचा ठरलेला हिस्सा, बघून घ्या, ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो अनेकदा दडलेला असतो. मर्यादा तोकडी वाटली तर नूतनीकरणाच्या वेळी वाढवून मागा. कंपनीच बदलायची असेल, तर अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी करावा लागतो.