गार्सिनॉल आणि स्तनकर्करोगपेशींचे प्रथिन-विश्लेषण

गार्सिनॉल हे कोकमाच्या (गार्सिनिया इंडिका) सालीतून मिळणारे पिवळे, स्फटिकरूप रसायन आहे. कर्करोगावरील प्रायोगिक औषध म्हणून त्याचा अभ्यास होतो. रुग्णांसाठी ते मान्यताप्राप्त औषध नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात उन्हाळ्याच्या अखेरीस घरोघरी रातांबे (कोकमाची फळे) फोडले जातात. गर आणि बिया काढून सालींना खारवलेल्या रसाची पुटे देत उन्हात वाळवले की आमसुले तयार होतात. या कामात बोटांना चढणारा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. गार्सिनॉल त्याच सालीत असले, तरी ते पाण्यात जेमतेम विरघळते. सोलकढीचा गुलाबी रंग पाहून ‘हेच ते औषध’ असे समजणे चूक आहे, आणि अशा समजापायी कोणी उपचार लांबवले तर जिवावर बेतू शकते.

गार्सिनॉल हे पी३०० व पीसीएएफ या विकरांना (एन्झाइमांना) रोखते, हे 2004 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले. ही विकरे हिस्टोन प्रथिनांवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट चढवतात आणि त्यातून कोणती जनुके चालू राहायची हे ठरते. पुढे स्तनकर्करोगाच्या पेशींवर गार्सिनॉल घातल्यावर एनएफ-कप्पा-बी हा पेशींना तगून राहायला मदत करणारा संदेशमार्ग दबला आणि पेशी नियोजित मृत्यूकडे वळल्या.

पेशी मेल्या एवढे सूक्ष्मदर्शकातूनही दिसते. कशाने मेल्या हे प्रथिने सांगतात. त्यासाठी ‘वेस्टर्न ब्लॉट’ ही 1979 पासूनची पद्धत वापरतात. एका ताटलीतील पेशींना गार्सिनॉल, दुसरीतील पेशींना नुसते द्रावक देतात. नंतर पेशी बर्फावर फोडून प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करतात, पातळ पटलावर उतरवतात आणि प्रतिपिंडांनी हवे ते प्रथिन हुडकतात. पार्प या डीएनए-दुरुस्तीत भाग घेणाऱ्या प्रथिनाचा पट्टा 116 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे प्रथिनांच्या वजनाचे एकक) जागी असतो. पेशी नियोजित मृत्यूच्या वाटेला लागली की त्याचा तुकडा पडून 89 जवळ नवा पट्टा उमटतो. दोन्ही नमुने सारखेच भरले होते ना, हे ॲक्टिन या सर्व पेशींत असणाऱ्या प्रथिनाच्या 42 किलोडाल्टनच्या पट्ट्यावरून पडताळतात. ही पडताळणी नसलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नये.

पेशी कोणती निवडली यालाही फार महत्त्व आहे. एमसीएफ-७ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेशीमालिकेत (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या एकाच वंशाच्या पेशींत) इस्ट्रोजेन संप्रेरकाचे ग्राही आहेत, तर एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या मालिकेत ते ग्राही नाहीत. शिवाय एमसीएफ-७ मध्ये जनुकातील त्रुटीमुळे कॅस्पेस-३ हे नियोजित मृत्यूत इतर प्रथिने तोडणारे प्रथिन बनतच नाही. तिथे त्याचा पट्टा दिसला नाही म्हणून औषध निष्प्रभ ठरत नाही. पार्पचे तुकडे तेव्हाही पडतात, कारण ते काम त्याच गटातले कॅस्पेस-७ करते.