भरून आलेलं आभाळ आणि कॅमेरा

आभाळ भरून आलं की बरेच जण कॅमेरा आत ठेवून देतात. उजेड कमी होतो हे खरंच. लख्ख उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश पडतो. दाट ढगांखाली तो १० हजार लक्सच्या आसपास येतो, काळ्याकुट्ट ढगांखाली तर हजार-दोन हजारांवर. पण आजच्या कॅमेऱ्यांना तेवढा पुरतो. माझ्या मते फोटोसाठी खरा महत्त्वाचा बदल दुसराच आहे: प्रकाश येतो कुठून, हेच ढगांमुळे बदलतं.

सूर्याची चकती आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते. एवढ्याशा उगमातून आलेला प्रकाश धारदार सावल्या पाडतो. ढगातले थेंब साधारण १० ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व्यासाचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, आणि मग अख्खं आभाळच दिवा बनतं. सावल्यांच्या कडा विरतात. पांढऱ्या फुलाचा तपशील उडत नाही आणि पानांखालचा भागही काळा पडत नाही. फुलं आणि माणसं टिपायला मला हाच उजेड सर्वांत आवडतो.

मात्र हा दिवा सगळीकडून सारखा तेवत नाही. पॅरी मून आणि डॉमिना स्पेन्सर या अमेरिकन संशोधकांनी १९४२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार पूर्ण ढगाळ आकाश क्षितिजापेक्षा डोक्यावर तिप्पट तेजस्वी असतं. म्हणूनच मोकळ्या मैदानात उभ्या केलेल्या माणसाचे डोळे खोबणीत बुडाल्यासारखे, काळे दिसतात. उपाय सोपा आहे. त्याला दारात किंवा छपराच्या कडेपासून पाऊलभर आत, तोंड बाहेर करून उभं करा. छप्पर वरचा प्रकाश अडवतं, समोरचा उरतो आणि डोळ्यांत चमक येते. पांढरंफटक आभाळ तर शक्यतो फ्रेमबाहेरच ठेवा. ते चौकटीत भरपूर आलं की कॅमेरा दृश्य फार उजळ समजून बाकी सगळं अंधारं करतो. अशा वेळी एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा प्रकाश, मुद्दाम एक पायरी (दुप्पट) वाढवावं लागतं.

पाऊस पडून गेला की खडबडीत पृष्ठभाग गडद होतात. याचं एक स्पष्टीकरण अँडर्स आँगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये दिलं: पृष्ठभागावरून परतणारा काही प्रकाश पाण्याच्या पातळ थरातच अडकतो, पुन्हापुन्हा खाली फेकला जातो आणि शोषला जातो. माती, खोडं, भिंती यांचे रंग म्हणूनच गर्द होतात. पण त्याच थराची वरची बाजू आभाळ परावर्तित करते आणि पानांवर पांढुरका चकाकता पापुद्रा चढतो. तो काढायला पोलरायझर हवा, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा, लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर. पाण्याच्या पृष्ठभागाला लंब धरला तर त्यापासून सुमारे ५३ अंशांच्या कोनात परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, त्यामुळे तिथे फिल्टर फिरवताच हिरवा रंग उसळून येतो. रात्रीच्या ओल्या रस्त्यावर मात्र फिल्टर काढून ठेवा. तिथे दिव्यांची लांबलचक प्रतिबिंबं हाच फोटोचा विषय असतो.

आता खुद्द पाऊस. तो डोळ्यांना दिसतो आणि फोटोत नाहीसा होतो, ही नेहमीची तक्रार. थोडं गणित करू. २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो ११ सेंटिमीटर खाली येतो आणि त्याची रेघ उमटते. १/१००० सेकंदातही तो साडेसहा मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या तिप्पट अंतर, सरकतो. शटर सेकंदभर उघडं ठेवलं तर रेघा इतक्या फिक्या होतात की नुसतं धुरकट दिसतं. रेघा हव्या असतील तर १/६० ते १/१२५ च्या दरम्यान प्रयोग करून बघा. पण शटरइतकंच महत्त्व उभं राहण्याच्या जागेला आहे. थेंब स्वतःवर पडलेला बहुतेक प्रकाश पुढच्या दिशेला वळवतो, म्हणून दिवा किंवा उतरतं ऊन पावसाच्या पलीकडे हवं आणि पार्श्वभूमी काळोखी हवी. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश याच्या नेमका उलट वागतो: लेन्सजवळचे थेंब उजळून फोटोभर पांढरे ठिपके विखुरतो.

डबक्यात थेंब पडल्यावर उसळणाऱ्या पाण्याचा मुकुट टिपायचा असेल तर आर्थर वर्दिंग्टन या इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञाचं काम आठवावं. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात डोळ्यांनी पाहून त्यांनी अशा उसळ्यांची कित्येक रेखाटनं केली. ती नीटस, सममित होती. १८९० च्या दशकात त्याच उसळ्यांचे फोटो निघाले तेव्हा दिसलं की खरा मुकुट वेडावाकडा, एका बाजूला झुकलेला असतो. म्हणून सलग फोटो घ्या, आणि त्यातला वाकडा मुकुट पुसू नका.

पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबात मागचं दृश्य उलटं दिसतं, कारण थेंब हे छोटंसं भिंगच असतं. गंमत अशी की ते चित्र थेंबाच्या आत नसतं, थेंबाच्या किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होतं. अगदी जवळून फोटो घेताना थेंबाच्या कडेवर फोकस केला तर चित्र पुसट येतं, म्हणून फोकस जरासा अलीकडे घ्यावा लागतो.

ऊन-पावसाचा खेळ चालू असेल तर सूर्याकडे पाठ करा. इंद्रधनुष्याची कमान सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर असते, म्हणून सूर्य त्याहून वर असेल तर सपाट जमिनीवरून ती दिसत नाही. कमानीचा प्रकाशही ध्रुवित असल्याने पोलरायझर एका स्थितीत तिला खुलवतो, दुसऱ्या स्थितीत चक्क पुसतो.

जपणुकीचं थोडक्यात: गार खोलीतून दमट हवेत आणलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर बाष्प जमतं, तेव्हा तो बाहेरच्या हवेइतका उबदार होईपर्यंत बंद पिशवीतच राहू द्या. फोन वापरत असाल तर ओल्या पडद्याला बोटाचा स्पर्श नीट कळत नाही. बहुतेक फोनमध्ये आवाजाच्या बटणानेही फोटो निघतो.