ओळखीच्या रानातला चकवा : स्पॅनिश माणूस आणि इंग्रजी लेखन

स्पेनमधला किंवा मेक्सिकोतला एखादा हुशार विद्यार्थी इंग्रजी निबंधात असं वाक्य सहज लिहून जातो : ‘ॲक्चुअली द पीपल इज व्हेरी सेन्सिबल विथ धिस थीम.’ त्याच्या मनात असतं, ‘आक्तुआलमेन्ते ला हेन्ते एस मुय सेन्सीब्ले कोन एस्ते तेमा’, म्हणजे ‘हल्ली लोक या विषयाबाबत फार हळवे झालेत’. इंग्रज वाचक मात्र वाचतो, ‘खरं तर लोक या विषयाबाबत फार समंजस आहेत’. शिक्षकाची लाल शाई ‘पीपल इज’वर पडते. ती चूक उघडी आहे. स्पॅनिशमध्ये ‘हेन्ते’ एकवचनी असल्यामुळे ती होते आणि चार वेळा खोडल्यावर सुटते. पण ‘हल्ली’चं ‘खरं तर’ झालं आणि हळव्याचं समंजस, तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. स्पेलिंग बरोबर, शब्द इंग्रजीच, फक्त अर्थ उलटा.

आपल्याला हे कळायला हिंदीकडे पाहावं. मराठी माणूस हिंदीत ‘शिक्षा’ (तिथे शिक्षण) आणि ‘चेष्टा’ (तिथे प्रयत्न) हे शब्द वापरताना जिथे फसतो, तीच ही जागा. अनोळखी रानात माणूस जपून चालतो. चकवा लागतो तो गावाशेजारच्या, रोजच्या वाटेवर. स्पॅनिश माणसाला इंग्रजी अवघड जाते ती परकी म्हणून नव्हे, अर्धी ओळखीची म्हणून.

ही अर्धी ओळख १०६६ सालची. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कोर्टकचेरीत फ्रेंच बोलली जाऊ लागली, लॅटिन चर्चमध्ये होतीच. पुढच्या तीन-चारशे वर्षांत इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द झाले. स्वयंपाकघरात, शेतावर जुने जर्मानिक, म्हणजे जर्मनच्या कुळातले. कागदावर लॅटिन वळणाचे. ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘गेट’ आणि ‘ऑब्टेन’. स्पॅनिश ही लॅटिनचीच लेक, त्यामुळे ‘कोमेन्सार’ आणि ‘ओब्तेनेर’ हे तिच्या घरातले साधे, रोजचे शब्द. ते जसेच्या तसे इंग्रजीत नेले की माणूस नकळत वरच्या मजल्यावर राहायला जातो. आपल्याकडे कुणी घरात ‘मी आत्ताच जलप्राशन केले’ म्हणावं, तसं. व्याकरणात खोट नाही, पण ऐकणारा हसतो.

ही गोष्ट शिकवायचा प्रयत्न किती जुना आहे हे बघताना एक गंमतीचं पुस्तक हाती लागतं, आणि त्याचा धागा थेट मुंबईशी जुळतो. १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचं पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीनशी लग्न झालं. मुंबई बेट आंदणात गेलं ते याच लग्नात. त्याच वर्षी जेम्स हॉवेल या वेल्समध्ये जन्मलेल्या, स्पेनमध्ये राहून आलेल्या लेखकानं परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणारं एक व्याकरण छापलं आणि ते नव्या राणीच्या सेवेत रुजू केलं. त्यात इंग्रजी आणि स्पॅनिश समोरासमोर होती, स्पॅनिशचं वेगळं व्याकरण होतं, वर पोर्तुगीजबद्दल चार शेरे. आणि पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्यानं हात वर करून टाकले होते : ‘ही भाषा जितके सोसेल तितके पक्के नियम’ इथे दिले आहेत! इंग्रजीला नियम सोसत नाहीत, ही तक्रार तेव्हाही ताजीच होती.

स्पॅनिश माणसाला ती अधिक टोचते, कारण त्याच्या भाषेला नियम सोसतात. आंतोनियो दे नेब्रिहानं स्पॅनिशचं व्याकरण १४९२ सालीच लिहून काढलं होतं. १७१३ साली माद्रिदमध्ये राजाश्रयानं भाषेची अकादमी उभी राहिली. वाक्याच्या आधी लागणारं ते उलटं प्रश्नचिन्ह १७५४ साली तिनंच रूढ केलं. लिहिलेलं पाहून वाचता यावं, ही तिची शिस्त. इंग्लंडमध्ये जोनाथन स्विफ्टनं १७१२ साली अशाच अकादमीची मागणी केली होती. ती बासनातच राहिली. म्हणून स्पॅनिश मूल ऐकून शब्द लिहू शकतं आणि इंग्रजीत आलं की ‘ॲड्रेस’मध्ये एक ‘डी’ गाळतं, ‘पॉसिबल’मध्ये एक ‘एस’. एकच अक्षर लागोपाठ दोनदा लिहिणं त्याच्या लेखी उगाचची उधळपट्टी असते. (आपण मात्र विरामचिन्हं मेजर कँडीसारख्या इंग्रजाच्या हातून घेतली. उलटं चिन्ह आपल्या वाट्याला आलं नाही, याचं लांब वाक्यं वाचताना कधीकधी वाईट वाटतं.)

आता एका माणसाजवळ जरा थांबू. होसे मारिया ब्लांको इ क्रेस्पो, जन्म १७७५, सेव्हिल. आजोबा आयर्लंडमधून व्यापारासाठी स्पेनमध्ये आलेले. आडनाव व्हाइट, म्हणजे पांढरा; स्पेनमध्ये त्याचं भाषांतर होऊन ‘ब्लांको’ झालं. आठव्या वर्षी पोराला घरच्या पेढीवर बसवलं. तिथल्या आयरिश कारकुनांकडून तो इंग्रजी शिकला. पेढीचा त्याला वीट आला, म्हणून तो पाद्री झाला. मग पाद्रीपणावरचाही विश्वास उडाला. १८१० साली नेपोलियनच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा तो कादिसहून जहाजात बसला आणि इंग्लंडला पोचला. तिथे त्यानं नाव घेतलं ब्लांको व्हाइट, म्हणजे दोन भाषांत दोनदा पांढरा.

लंडनमध्ये आधी चार वर्षं त्यानं स्पॅनिशमध्येच एक मासिक चालवलं. लहानपणी पेढीवर शिकलेली इंग्रजी हिशेबाची होती. लेखनाची त्याला पुन्हा शिकावी लागली. १८२२ मध्ये त्याची स्पेनबद्दलची पत्रं इंग्रजीत पुस्तकरूपानं निघाली. त्यावरचं टोपणनाव होतं लेउकादिओ दोब्लादो. ‘लेउको’ ग्रीकमध्ये पांढरा, ‘दोब्लादो’ स्पॅनिशमध्ये दुप्पट. पुन्हा दोनदा पांढरा! नावाशी एवढा खेळणारा माणूस भाषांच्या उंबऱ्यावर किती काळ उभा असेल, ते यावरून कळतं. १८२८ मध्ये त्याचं एक सुनीत छापून आलं. पहिल्यांदाच सूर्य बुडताना पाहून आदिपुरुष घाबरतो. आणि अंधार पडल्यावर दिसतं की उजेडानं केवढं आकाश झाकून ठेवलं होतं. मग मृत्यूला एवढं का भ्यायचं, असा त्याचा शेवट. इंग्रज कवी कोलरिजनं या सुनीताला इंग्रजीतल्या सर्वोत्तमांत बसवलं. तोडीचं काही असेल तर ते मिल्टन आणि वर्ड्‌स्वर्थ यांच्याकडेच, असं म्हणाला. आणि तरी आयुष्याच्या अखेरीस, लिव्हरपूलमध्ये आजारी असताना, हा माणूस स्पॅनिशमध्ये एक कादंबरी लिहायला बसला. ती पुरी झाली नाही. १८४१ मध्ये तो गेला.

ब्लांको व्हाइटनं इंग्रजी निवडली. पुढच्यांना तेवढी मोकळीक नव्हती. १८४८ च्या तहानं कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. १८५१ च्या कायद्यानं तिथल्या जुन्या जमीनदारांना आपल्या जमिनीची मालकी नव्या आयोगापुढे सिद्ध करावी लागली; दस्तऐवज स्पॅनिशमध्ये, निवाडे इंग्रजीत. खटले वर्षानुवर्षं चालले. मारिया अंपारो रुइस दे बर्टन ही बाई याच कज्ज्यांत पोळलेली. ती इंग्रजी शिकली, एका अमेरिकन अधिकाऱ्याशी तिनं लग्न केलं आणि १८८५ मध्ये जमिनी गिळणाऱ्या व्यवस्थेवर इंग्रजीत कादंबरी छापली. लेखकाचं नाव दिलं होतं ‘सी. लॉयल’. स्पॅनिश पत्रांखाली ‘सिउदादानो लेआल’, म्हणजे ‘एकनिष्ठ नागरिक’, अशी सही करायची सरकारी रीत होती. तिचं हे इंग्रजी रूप. टोमणा ज्यांना कळायचा त्यांना कळला असेल.

पोर्तो रिको हे बेट १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं, तिथे तर शाळाच इंग्रजीत भरू लागल्या. धोरणं दर काही वर्षांनी फिरत राहिली, मुलं मधल्यामध्ये भरडली गेली, आणि १९४९ मध्ये शिक्षणाचं माध्यम पुन्हा स्पॅनिश झालं. खुद्द स्पेनमध्ये मात्र हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळेतली पहिली परकी भाषा बहुतेक ठिकाणी फ्रेंचच होती. इंग्रजीची लाट तिथे उशिरा आली.

शास्त्र म्हणून या प्रश्नाकडे पाहायला सुरुवात झाली ती मिशिगन विद्यापीठात. १९४१ मध्ये चार्ल्स फ्राइज यांनी तिथे इंग्रजी भाषा संस्था काढली. सुरुवातीचे विद्यार्थी मुख्यतः लॅटिन अमेरिकेतले होते, कारण युद्धाच्या दिवसांत वॉशिंग्टनला शेजारी जवळ हवे होते. याच संस्थेत रॉबर्ट लाडो तयार झाले. त्यांचा जन्म फ्लोरिडात, पण आईवडील स्पॅनिश. इंग्रजी शिकायच्या आधीच कुटुंब स्पेनला परतलं आणि एकविसाव्या वर्षी ते अमेरिकेत आले तेव्हा त्यांना ती येतच नव्हती. १९५७ मध्ये त्यांनी मांडलं की दोन भाषा शेजारी ठेवून तपासा. जिथे साम्य तिथे सोपं, जिथे फरक तिथे अडचण. मात्र दिसायला सारख्या आणि अर्थानं वेगळ्या शब्दांना त्यांनी अवघड गोष्टींतच टाकलं. स्वतः त्या रानातून चालून आलेल्या माणसाला चकव्याची जागा बरोबर ठाऊक होती.

मग १९६६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉबर्ट कॅप्लन यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे शेकडो निबंध वाचून पाच छोटी चित्रं काढली. इंग्रजी परिच्छेद म्हणजे सरळ खाली उतरणारी रेघ. पौर्वात्य म्हणजे आत आत जाणारं वेटोळं. स्पॅनिश-फ्रेंच मंडळींची रेघ आडवळणं घेत, इकडे-तिकडे फिरून खाली येणारी. ही चित्रं शिक्षकांना फार आवडली, आणि तिथेच घोटाळा झाला. वळण लेखनाचं होतं. वाचणाऱ्यांनी ते डोक्याचं मानलं. टीका झाली, पुढे कॅप्लन यांनीही आपला सूर सौम्य केला.

मला यात इतिहासाचा विसर जास्त खटकतो. सतराव्या शतकातलं इंग्रजी गद्य उघडून पाहा, मिल्टनची वाक्यं पानभर संपत नाहीत. ती रेघ सरळ करण्याचं काम ठरवून झालं. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा इतिहास लिहिताना थॉमस स्प्रॅटनं १६६७ मध्ये फुलोरा नको, जेवढ्या गोष्टी तेवढेच शब्द हवेत, असा आग्रह धरला. दुसरीकडे त्याच्याही आधी, १६४७ मध्ये, बाल्तासार ग्रासियान हा स्पॅनिश जेझुइट पाद्री लिहून गेला होता की चांगलं ते थोडक्यात असेल तर दुप्पट चांगलं. म्हणजे आडवळण स्पॅनिश रक्तात नाही. पण एकोणिसाव्या शतकापासून स्पॅनिश शाळेत ज्याला ‘सुंदर लेखन’ म्हणून शाबासकी मिळाली ते लांब, एकात एक वाक्यं गुंफलेलं, एकच शब्द पुन्हा येऊ न देणारं होतं. इंग्रजी शिक्षक त्याच विद्यार्थ्याला सांगतो : वाक्य तोड, तोच शब्द पुन्हा वापर, आधी मुद्दा सांग. ज्याबद्दल दहा वर्षं शाबासकी मिळाली त्याबद्दल आता गुण कापले जातात.

या सगळ्यात विद्यार्थ्याची बाजू नीट वाचली ती न्यूयॉर्कमध्ये लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या मागणीसाठी तिथलं सिटी कॉलेज बंद पाडलं आणि १९७० पासून शहराच्या विद्यापीठाचे दरवाजे सगळ्यांना उघडले. प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सुमारे ४,००० निबंध शॉनेसी यांनी तपासले, आणि १९७७ मध्ये दाखवून दिलं की चुकांना स्वतःचं तर्कशास्त्र असतं. मूल निष्काळजी नसतं, ते कुठला तरी नियम पाळतच चुकत असतं. ‘पीपल इज’ लिहिणारा पोरगा आपल्या आईची भाषा बिनचूक पाळत असतो.

१९८९ पासून स्पेनमध्ये प्राध्यापकांच्या संशोधनाचं दर सहा वर्षांनी मूल्यमापन होतं, त्यावर पगारातला एक हिस्सा ठरतो आणि बहुतेक विषयांत वजन पडतं ते इंग्रजी नियतकालिकांना. त्यामुळे सालामांका शहरातला प्राध्यापकही आज दिवसभर इंग्रजी लिहितो. परिणाम उलट्या बाजूनं दिसू लागलाय. ‘बिसार्रो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ शूर, दिलदार. इंग्रजीतला ‘बिझार’ म्हणजे विचित्र. आता स्पॅनिश तरुण आपल्याच भाषेत ‘बिसार्रो’ लिहितात ते विचित्र या अर्थानं. आजोबांनी वाचलं की नातवानं मित्राला शूर म्हटलंय, असं समजून ते खूश होतात.